विशेष शिक्षण आणि मैदान या दोन्हींत काम करायचे असेल, तर शिक्षण कोणते घ्यावे?

प्रश्न : क्रीडाशिक्षिका, बार्शी

नमस्कार. मी बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातील पदवी) केले असून बार्शी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या शाळेत सातवीत एक स्वमग्न मुलगा आहे, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात अडचण) असलेली काही मुले आहेत आणि आठवीत एक असा मुलगा आहे, ज्याला डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष एकाग्र न होणे व अतिचंचलता) असल्याचे सांगितले आहे. बहुतेक शिक्षक त्याला ‘चळवळ्या’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात. खेळाच्या तासाला ही सगळी मुले कडेला बसलेली असतात किंवा त्यांच्याकडे साहित्य ने-आण करण्याचे काम दिले जाते. मला ते पाहवेना, म्हणून मी त्यांना शाळा सुटल्यावर वेगळे शिकवू लागले.

स्वमग्न मुलाला कबड्डी-खो-खोचा गोंगाट अजिबात सोसत नाही. पण गोळाफेकीच्या वर्तुळात त्याला सोडले की तो दर वेळी त्याच जागी उभा राहतो, गोळा मानेशी टेकवतो, त्याच क्रमाने पावले टाकतो आणि वर्तुळाच्या कडेला पाय न लावता गोळा फेकतो. इतकी शिस्त माझ्या शाळेच्या संघातील मुलांनाही सहज जमत नाही. हे पाहिल्यापासून अशा विद्यार्थ्यांसाठी आणि खेळाडूंसाठी पूर्ण वेळ काम करावे, असे माझ्या मनाने घेतले आहे.

माझी अडचण अशी आहे की, पुढचे शिक्षण कोणते घ्यावे, हे कोणी नीट सांगत नाही. विशेष शिक्षणातील बी.एड. करावे, पदविका करावी की काही आठवड्यांचे जे ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम दिसतात त्यांतला एखादा करावा? केवळ अशा मुलांची प्रशिक्षक म्हणून काम करून घर चालू शकते का? घरची जबाबदारी माझ्यावर असल्याने उत्पन्नाचा विचार मला सोडता येणार नाही. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

उत्तर : विशेष शिक्षक, पुणे

ताई, आधी प्रमाणपत्राचा प्रश्न निकालात काढू. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार विशेष शिक्षक म्हणून काम करण्यासाठी परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असावे लागते आणि ते परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच नोंदवले जाते. नोंदणी नसताना असा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्या कायद्यात आहे. काही आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातून चार नव्या गोष्टी कळतील, त्याला माझा विरोध नाही. पण त्यावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय अनुदानित विशेष शाळेत किंवा शासकीय भरतीत आपला अर्ज विचारातच घेतला जात नाही.

आपल्याकडे पदवी आहे, तेव्हा मी बी.एड. विशेष शिक्षण हाच मार्ग सुचवेन. या क्षेत्रात मुंबईतील एसएनडीटी महिला विद्यापीठ, चेंबूरचे हशू अडवाणी महाविद्यालय आणि बौद्धिक अक्षमतेसंबंधी काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचे नवी मुंबईतील केंद्र ही नावे परिचित आहेत. मात्र परिषदेची मान्यता ठरावीक मुदतीची आणि अभ्यासक्रमागणिक वेगळी असते. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षी, त्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहिल्याशिवाय शुल्क भरू नका. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर विसंबून राहू नका.

दुसरी निवड कोणत्या अक्षमतेत विशेषीकरण करायचे याची आहे, आणि तिचा परिणाम पुढे अनेक वर्षे राहतो. सर्वसाधारण शाळेत, आपण आज आहात तशा वातावरणात, काम करायचे असेल तर अध्ययन अक्षमता हे विशेषीकरण अधिक उपयोगी पडते. बौद्धिक अक्षमतेचे विशेषीकरण घेतले तर राज्यातील विशेष शाळांची दारे उघडतात, आणि दिव्यांग मुलांचे संघटित खेळ बहुतांशी याच शाळांच्या आधाराने चालतात. आपला ओढा मैदानाकडे आहे, त्यामुळे मी दुसऱ्या पर्यायाकडे झुकेन. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांपैकी अनेकांना स्वमग्नताही असते, तेव्हा तो अनुभव तिथे आपोआप मिळतो.

नोकरीविषयी स्पष्ट लिहितो. राज्यातील अनुदानित विशेष शाळांत शासकीय वेतनश्रेणी आहे, पण जागा क्वचित निघतात. विनाअनुदानित शाळांत व्यवस्थापन देईल ते वेतन, आणि ते अनेकदा कामाच्या मानाने फारच कमी असते. समग्र शिक्षा या शासकीय शालेय शिक्षण योजनेतील विशेष शिक्षकांनी वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर काम केले आहे. तथापि परिस्थिती हलू लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण ग्राह्य धरले. त्यानंतर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्यास मान्यता दिली. पुढे नेमणुका किती वेगाने होतील यावर भिस्त ठेवून आजची नोकरी सोडू नये, पण शिक्षण पूर्ण करून ठेवण्यासाठी हा काळ योग्य आहे, असे माझे मत आहे.

आता आठवीतल्या मुलाविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा उल्लेख आहे. त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता येतात, एडीएचडी स्वतंत्रपणे येत नाही. म्हणून केवळ त्या निदानावर त्याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळणार नाही. त्याच्यात अध्ययन अक्षमताही आहे का, याची तपासणी मात्र अवश्य करून घ्या, कारण ही दोन्ही एकत्र आढळणे मुळीच दुर्मीळ नाही आणि तसे निदान झाल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलतींचा तो हक्कदार ठरतो. दहावीच्या वर्षात धावपळ करण्यापेक्षा हे आताच झालेले बरे.

या कामाचा गाभा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे त्या एका मुलासाठी लिहिलेली उद्दिष्टे, हा आहे, आणि तो लिहिता येणे ही आपल्या व्यवसायाची खरी कसोटी. ‘मूल वर्गात नीट बसेल’ हे उद्दिष्ट नव्हे, ती शिक्षकाची इच्छा झाली. ‘मैदानावरून परत आल्यावर भिंतीवरचा चित्रक्रम पाहून, कोणी न सांगता, तो बूट काढेल, हात धुईल आणि जागेवर बसेल, आठवड्यातील पाचपैकी चार दिवस’ हे उद्दिष्ट. ते साधले की नाही, हे शिपाईकाकाही पाहून सांगू शकतील. त्यासाठी एका कृतीचे लहान लहान टप्पे करावे लागतात, कोणत्या टप्प्यावर किती मदत द्यायची ते ठरवावे लागते आणि ती मदत हळूहळू काढून घ्यावी लागते. क्रीडाशिक्षक लांब उडी शिकवताना धाव, टेक-ऑफ आणि उतरणे वेगवेगळे करून घेतात, तेव्हा हेच करत असतात, म्हणून बी.पी.एड. झालेली माणसे विशेष शिक्षणात आली की फार चांगले काम करताना मी पाहिली आहेत.

उत्तर : क्रीडा प्रशिक्षक, नागपूर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मैदानाच्या बाजूने थोडे लिहितो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी सर्वांत मोठी चळवळ स्पेशल ऑलिम्पिक्सची आहे. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये शिकागोत तिच्या पहिल्या स्पर्धा झाल्या. आपल्याकडे स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था राष्ट्रीय क्रीडा महासंघ म्हणून मान्यताप्राप्त आहे. २०२३ च्या बर्लिन येथील जागतिक स्पर्धांत भारतीय खेळाडूंनी ७६ सुवर्ण, ७५ रौप्य आणि ५१ कांस्य अशी २०२ पदके मिळवली. पण पदकांचा हा आकडा वाचताना तिथली पद्धत समजून घ्यावी. स्पर्धेआधी प्रत्येक खेळाडूची प्राथमिक चाचणी होते आणि वय, लिंग व क्षमता पाहून जवळपास सारख्या ताकदीच्या खेळाडूंचे लहान गट पाडले जातात. एका गटातील सर्वांत चांगल्या आणि सर्वांत कमी कामगिरीत साधारण पंधरा टक्क्यांहून अधिक फरक नसावा, असा संकेत आहे. त्यामुळे तीस सेकंदांत पन्नास मीटर जाणाऱ्या मुलीलाही तिच्या बरोबरीच्या मुलींशी खरी शर्यत मिळते. चाचणीत मुद्दाम हळू पळवून मुलाला खालच्या गटात घालण्याचा मोह काही प्रशिक्षकांना होतो. नियमात त्याविरुद्ध तरतूद आहे आणि त्या मुलाच्या दृष्टीने तो अन्यायच आहे.

या चळवळीतील प्रशिक्षक मुख्यतः स्वयंसेवक असतात. म्हणजे त्यावर घर चालत नाही, ताई, हे आधीच सांगतो. चरितार्थ शाळेतील नोकरीवर आणि मैदान तिच्या जोडीला, असेच आमच्यापैकी बहुतेकांचे आहे. मोठ्या शहरांत पालक स्वमग्न मुलांसाठी पोहणे, स्केटिंग किंवा व्यायामाची वैयक्तिक शिकवणी लावतात, त्यातून काही जण चांगले कमावतातही, पण बार्शीत ते लगेच जमेल असे मला वाटत नाही.

प्रशिक्षण कसे वेगळे असते, याचे एक उदाहरण देतो. पन्नास मीटर धावण्यात ‘रेषा आली की थांब’ असे शिकवलेले मूल स्पर्धेतही अक्षरशः रेषेवर थांबते. म्हणजे शेवटच्या चार पावलांत वेग कमी करते आणि कधी कधी रेषेच्या अलीकडेच उभे राहते. ‘पुढे पळ’ म्हणून कितीही ओरडले तरी उपयोग होत नाही, कारण त्याने सांगितलेले तंतोतंत पाळलेले असते. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून अंतिम रेषेच्या बऱ्याच पुढे एक लाल शंकू ठेवतो आणि ‘शंकूला हात लाव’ एवढीच सूचना देतो. रेषेचा उल्लेखही करत नाही. स्पर्धेच्या ठिकाणी शंकू ठेवता येत नाही, म्हणून महिनाभर आधी शंकूच्या जागी ओळखीचे माणूस उभे करतो आणि स्पर्धेच्या दिवशी नियमात बसेल तिथे, रेषेच्या पलीकडे, तेच माणूस असेल याची काळजी घेतो. सुरुवातीच्या पिस्तुलाचेही तसेच आहे. त्या आवाजाने कान झाकून खाली बसणारी मुले असतात. त्यांच्यासाठी आयोजकांशी आधी बोलून निशाणाच्या इशाऱ्याची सोय मागावी लागते, आणि ती मागणे हे प्रशिक्षकाचे काम आहे.

वैद्यकीय बाबींत हयगय नको. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत कोलांटउड्या, सूर मारणे, फुटबॉलमध्ये डोक्याने चेंडू मारणे हे प्रकार पूर्ण बंद. फिट येण्याचा त्रास असलेले मूल पाण्यात असेल तेव्हा एका माणसाने फक्त त्याच्याकडेच लक्ष ठेवायचे. हात धरून हालचाल शिकवण्यापूर्वी मुलाला विचारायचे, त्याला बोलता येत नसले तरी विचारायचे आणि तो अंग चोरतो का ते पाहायचे. कपडे बदलणे, स्वच्छतागृह यांसाठी कोण मदत करणार, हे पालकांशी लेखी ठरवून ठेवायचे.

क्रीडाशिक्षिका, बार्शी

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका आहे. आमच्या सातवीतील मुलाच्या अहवालात स्वमग्नता आहे, पण बुद्ध्यांक सर्वसाधारण असल्याचे लिहिले आहे. तो अभ्यासातही मागे नाही. मग त्याला कोणत्या स्पर्धेत उतरवता येईल?

क्रीडा प्रशिक्षक, नागपूर

स्पेशल ऑलिम्पिक्स बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी आहे, त्यामुळे केवळ स्वमग्नतेच्या आधारावर तिथे पात्रता मिळत नाही. पॅरालिम्पिकमध्येही स्वमग्नतेसाठी वेगळा वर्ग नाही, बौद्धिक अक्षमतेसाठी आहे, आणि तोही फक्त अ‍ॅथलेटिक्स, जलतरण व टेबल टेनिस या खेळांत. तेलंगणाच्या दीप्ती जीवनजी हिने २०२४ मध्ये पॅरिसला ४०० मीटर धावण्याचे कांस्यपदक जिंकले, ते टी-२० या, बौद्धिक अक्षमता असलेल्या धावपटूंच्या वर्गात. सिडनी २००० मध्ये बास्केटबॉलचे सुवर्ण जिंकलेल्या स्पेनच्या संघातील बहुतेक खेळाडूंना बौद्धिक अक्षमता नसल्याचे उघड झाले आणि त्या लबाडीपायी लंडन २०१२ पर्यंत या खेळाडूंसाठी पॅरालिम्पिकची दारेच बंद राहिली. पात्रतेचे कागद इतके काटेकोर तपासले जातात, त्यामागे हा इतिहास आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या व्हर्टस या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वमग्न खेळाडूंसाठी वेगळा वर्ग केला आहे, पण सातवीतल्या मुलासाठी तो विषय आज दूरचा आहे.

आपल्या मुलाला शालेय क्रीडा स्पर्धांतील गोळाफेकीतच उतरवता येईल. फेकीच्या प्रकारांत गर्दी अंगावर येत नाही आणि क्रम ठरलेला असतो. आदल्या दिवशी त्याला मैदान दाखवून आणा, नाव पुकारले जाईपर्यंत बसायला शांत कोपरा शोधून ठेवा, आणि पंचांना आधीच सांगून ठेवा की, हा मुलगा प्रश्नाला उत्तर देण्यास वेळ घेतो.

पालक, ठाणे

माझी मुलगी स्वमग्न आहे आणि ती पोहते. मुंबईच्या जिया राय हिने २०२२ मध्ये श्रीलंकेहून धनुष्कोडीपर्यंत सामुद्रधुनी पोहून पार केली आणि २०२४ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हापासून स्वमग्न मुलेही पोहू शकतात हे निदान लोकांना पटवून द्यावे लागत नाही. तरीही आम्हाला एका तलावावर ‘इतर सभासदांना त्रास होईल’ असे सांगून प्रवेश नाकारण्यात आला होता. दुसरीकडे ज्या प्रशिक्षिका भेटल्या त्यांनी पहिले काही आठवडे मुलीला पाण्यात उतरवलेच नाही. काठावर बसून पाय बुडवायचे, शॉवरचा आवाज ऐकायचा, टोपी दोन मिनिटे डोक्यावर ठेवायची, एवढेच. मला तेव्हा पैसे वाया जात आहेत असे वाटत होते. पण ती पाण्यात उतरली ती स्वतःहून, रडारड न होता.

ताई, आपल्याला एक विनंती आहे. पालकांशी बोलताना पदकाची आशा लावू नका. आम्ही इतक्या ठिकाणी आशा लावून घेतलेली असते की पुढे तिचे ओझे मुलांवर पडते. त्याऐवजी अठराव्या वर्षानंतरचा विचार आमच्यासोबत करा. शाळा संपली की आमच्या मुलांचा दिवस मोकळा होतो, आणि घराबाहेर पडायला कारण उरत नाही. आठवड्यातून तीन सकाळी तलावावर जायचे, पिशवी स्वतः भरायची, तिकीट स्वतः दाखवायचे, ओळखीच्या दोन माणसांना नमस्कार करायचा, हे तिच्या आयुष्यात पन्नाशीपर्यंत राहावे अशी माझी इच्छा आहे. आराखड्यात हे लिहिणारी शिक्षिका आम्हाला हवी आहे.

स्वमग्न वाचक, कोल्हापूर

मी स्वतः स्वमग्न आहे आणि आज एका कार्यालयात हिशेबाचे काम करतो. वरची सगळी चर्चा मी वाचली. तिच्यात सातवीतल्या मुलाला काय वाटते, हे अजून कोणी विचारलेले नाही. तो गोळा त्याच क्रमाने फेकतो, कारण त्या क्रमात त्याला बरे वाटत असेल. त्याच गोष्टीची स्पर्धा झाली, मोजपट्टी आली, टाळ्या आल्या, की ते बरे वाटणे टिकेलच असे नाही. मला शाळेत धावायला आवडे. स्पर्धेत नेऊ लागले तेव्हा मी धावणे सोडले. म्हणून त्याला विचारा. समोरासमोर, डोळ्यांत पाहायला लावून विचारू नका. लिहून द्या आणि उत्तरासाठी दोन दिवस द्या. मला शाळेत नजर मिळवण्याचा सराव देत असत, त्या वेळी समोरचे माणूस काय बोलत होते ते मला कधीच ऐकू आले नाही.

क्रीडाशिक्षिका, बार्शी

आपले म्हणणे मनाला लागले. मी उद्याच त्याला चिठ्ठी लिहून देते. विशेष शिक्षक सरांना शेवटचा प्रश्न : बी.एड. करताना माझ्याच शाळेत सराव पाठ घेतलेले चालतात का? पगार पूर्ण बंद झाला तर मला शिक्षण घेता येणार नाही.

विशेष शिक्षक, पुणे

नियमित अभ्यासक्रमात उपस्थिती सक्तीची असते आणि सराव विशेष शाळेत व समावेशक शाळेत, दोन्हीकडे करावा लागतो. सराव कोणत्या शाळेत करायचा, हे महाविद्यालय ठरवते. समावेशक शाळेतील काही भाग आपल्या शाळेत करू द्यावा, अशी लेखी विनंती प्रवेशाच्या वेळीच करा. मुख्याध्यापकांचे संमतिपत्र सोबत जोडा. नोकरी टिकवण्यासाठी व्यवस्थापनाकडे अभ्यास रजेचा अर्ज द्या. ती बिनपगारी असण्याची शक्यता आहे, म्हणून तोवर दूरस्थ पद्धतीने हा अभ्यासक्रम देणाऱ्या मुक्त विद्यापीठांची चौकशी करा. तिथेही परिषदेची त्या वर्षाची मान्यता पाहण्याचा नियम तोच. आणि प्रवेश मिळेपर्यंतच्या काळात सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या विशेष शाळेत शनिवारी दुपारी जाऊन बसा. तिथल्या शिक्षकांना आपण मैदानावर मदत कराल, असे सांगितले तर ते आपले स्वागतच करतील, कारण बहुतेक विशेष शाळांत क्रीडाशिक्षक नसतो.